तालमीबाहेर

"तुमची सून करते काय?" असं कोणी विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "ती साथवाली आहे."

विचारणाऱ्याला वाटायचं, कुणा गायकाच्या मागे बसून साथ करत असेल. मग सासूबाई चवीनं खुलासा करायच्या. "तसली साथ नाही हो. ताप-जुलाबाची साथ. ती कुठून येणार, कशी येणार, आली तर काय करायचं, याचा विचार करण्याचा हिला पगार मिळतो. साथ काही येत नाही आणि हीही वेळेवर घरी येत नाही. सगळ्या जगाला हिची साथ आहे, फक्त आम्हाला नाही."

साथवाली हे नाव घरात रुळलं, मग शेजारी गेलं आणि शेवटी कचेरीतही पोचलं. लग्नात ठेवलेलं नाव राहिलं कागदावर. तिला त्याचं काही वाटलं नाही. साथरोगतज्ज्ञ हा शब्द उच्चारताना लोकांची जीभ अडखळायची, त्यापेक्षा हे बरं.

सासूबाई स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला यंत्र लावून, या भोकातली दोरी त्या भोकात खुपसत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. तिथली एक खोड त्यांच्या अंगात कायमची मुरली होती. ऐकलेलं एकदा परत म्हणायचं. "आई, मी उशिरा येईन" म्हटलं की त्या म्हणायच्या, "उशिरा येणार. ठीक." मगच ते त्यांच्या डोक्यात शिरायचं. त्यांचा मुलगा, म्हणजे साथवालीचा नवरा, शाळेत भूगोल शिकवायचा. तो चिडवायचा, "आमच्या घरात एक वाक्य बोललं की दोन पडतात."

साथवालीची कचेरी आरोग्य खात्याच्या इमारतीच्या तळघरात होती. दारावर "सज्जता कक्ष" अशी पाटी. डोक्यावरून पाण्याचे जाड नळ गेलेले, आणि वरच्या मजल्यावर कोणी संडासातली साखळी ओढली की खालच्या बैठकीत सगळ्यांनी गप्प बसायचं, पाणी वाहून जाईपर्यंत. ती लागली तेव्हा तिथे दोन टेबलं, एक फोन आणि मोठे साहेब होते. मोठे साहेब अंगानं बारीक होते आणि बोलायचे इतकं हळू, की समोरच्याला पुढे वाकावं लागायचं.

न आलेल्या साथी लिहून काढणं, हे तिचं काम. म्हणजे असं, की एका प्रयोगशाळेत कुपी फुटली, ती ज्याच्या हातात होती तो माणूस घाबरून कोणाला न सांगता घरी गेला, पुढे काय? एका कचेरीत पांढरी पूड भरलेलं पाकीट आलं, कारकुनानं फुंकर मारून पाहिलं, पुढे काय? ती हे सगळं अगदी संसार मांडावा तसं मांडायची. त्या माणसाची बायको कुठे काम करते, मुलं कुठल्या बसनं शाळेत जातात, तो रोज संध्याकाळी कोणाशी पत्ते कुटतो. मग वर्षातून एकदोनदा त्याची तालीम व्हायची. एखादी शाळा नाहीतर खेळाचा हॉल मागून घ्यायचा, गाद्या टाकायच्या, प्लॅस्टिकचे पडदे लावून स्वच्छ बाजू आणि मळकी बाजू करायची, खोटे रुग्ण झोपवायचे. वरचे अधिकारी उद्घाटनाला यायचे आणि चहा झाला की जायचे. खोटी माणसं मरताना बघायला कोणाला वेळ असतो?

त्या तालमीचा एक नियम होता. प्रत्येक फोन "तालीम" या शब्दानं सुरू करायचा आणि "तालीम" म्हणूनच संपवायचा, म्हणजे चुकून ऐकणाऱ्याला धसका बसायला नको. आणि त्याच्या उलट दुसरा नियम. तालीम चालू असताना कोणाला खरोखरचं काही झालं, तर त्यानं "तालमीबाहेर" हा शब्द तीनदा म्हणायचा. ऐकणाऱ्यानं तो एकदा परत म्हणायचा. मग सगळ्यांनी सोंग सोडून धावायचं.

हा दुसरा नियम मोठ्या साहेबांनी केला होता आणि त्याला कारणही तसंच घडलं होतं. पहिल्याच तालमीत एक हमाल दिवा लावताना शिडीवरून पडला. पाय मोडला. तो बिचारा ओरडतोय, आणि येणारा-जाणारा त्याला ओलांडून जाताना म्हणतोय, वा, काय हुबेहूब!

"खरं दुखणं आणि खोटं दुखणं सारखंच दिसतं," मोठे साहेब त्यानंतर म्हणाले होते. "म्हणून शब्द वेगळा पाहिजे."

खोटे रुग्ण मिळणं मोठं अवघड. नर्सिंगच्या मुलींना झोपवलं की त्या खिदळायच्या. सासूबाई निवृत्त झाल्या त्या वर्षी त्यांनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "मला घेऊन चल. जन्मभर लोकांनी माझा नुसता आवाज ऐकला. आता जरा तोंड बघू देत."

त्यानंतर एकही तालीम त्यांनी चुकवली नाही. गळ्यात चिठ्ठी अडकवून, तिच्यावर लिहिलेलं दुखणं वाचून त्या गादीवर पडायच्या आणि मग त्यांना आवरणं मुश्कील. ताप लिहिला असेल तर त्या वातात बरळायच्या. खोकला लिहिला असेल तर त्या खोकता खोकता आपल्या थोरल्या जावेला उद्देशून शेवटचे शब्द बोलायच्या, आणि ते इतके लांबायचे की डॉक्टर म्हणायचे, "आजी, तुम्ही मघाशीच गेलात." एका खोट्या रोगाला नाव सुचत नव्हतं, तर सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय, जाऊबाई ताप म्हणा. येतो तो न सांगता आणि जायचं नाव घेत नाही." नाव टिकलं. पुढे कित्येक वर्षं तळघरातल्या बैठकीत सुटाबुटातली माणसं गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "उत्तर भागात जाऊबाईचा जोर वाढतोय."

मरायचा कंटाळा आला की सासूबाई पायऱ्या वाचायला उभ्या राहायच्या. रोग्याजवळून आलेल्या माणसानं अंगावरचा पोशाख उतरवताना जास्त जपायचं असतं, कारण बाहेरून सगळं मळलेलं असतं. म्हणून एकानं काढायचं आणि दुसऱ्यानं समोर उभं राहून एकेक पायरी मोठ्यानं सांगायची. काढणाऱ्यानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही, फक्त ऐकायचं. सासूबाईंचा आवाज या कामाला देवानं घडवल्यासारखा होता. सपाट, स्वच्छ, घाई नसलेला. "थांबा. डावा हातमोजा. बाहेरून धरा. उलटा करा, आतलं बाहेर. सावकाश." त्या आवाजात तरणीताठी डॉक्टरमंडळी लहान मुलांसारखी निमूट कपडे उतरवायची.

तेव्हाचे दिवस चांगले होते. साथवाली पुढे कधी आठवायला बसली तर तिला तेच आठवायचे. हॉलमधल्या गाद्यांचा रबरी वास, थर्मासमधला गोड चहा, आणि खोट्या मढ्यांनी उठून बसून केलेले विनोद.

मग खरी साथ आली.

तिनं लिहिलेल्या एकाही साथीसारखी ती नव्हती, आणि बरीचशी सगळ्यांसारखीच होती. साथवाली महिनोन्‌महिने तळघरात राहिली. कोपऱ्यात एक खाट टाकली होती. जे लोक तिला "अहो, जे आलंच नाही त्याच्यासाठी कोठारं कशाला भरायची?" म्हणून हसायचे, तेच आता विचारायचे, "आधी का नाही सांगितलंत?" रोज सकाळी वर जाऊन, कॅमेऱ्यासमोर उभं राहून आदल्या दिवशी गेलेल्यांचा आकडा वाचायचा, हे तिच्याकडेच होतं. तिचा आवाज स्थिर होता म्हणून.

तिची माहेरची आई दुसऱ्या गावी, तिथल्या इस्पितळात होती. एका संध्याकाळी नर्सनं फोन आईच्या कानाला लावून दिला. आईनं विचारलं, "काय म्हणतायत गं डॉक्टर? माझ्याजवळ कोणी नीट बोलत नाही." साथवालीच्या समोर आईच्या तपासण्यांचे सगळे कागद उघडे पडले होते. ती म्हणाली, "सुधारतेयस. झोप आता." आई म्हणाली, "मग ठीक. उद्या बोलू. सांगायचं आहे बरंच."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या आकड्यात आई होती. साथवालीनं आकडा वाचला, खाली जाऊन चहा घेतला आणि पुढच्या बैठकीला बसली.

दाताच्या डॉक्टरानं सुई दिल्यावर गाल आपलाच असून आपला नसतो, तसं तिला त्या दिवसापासून झालं. फक्त गालापुरतं नाही, सगळंच. तिला वाटलं, उतरेल. सुईचा अंमल उतरतोच. ती वाट बघत राहिली. साथ ओसरली, माणसं पुन्हा रस्त्यावर आली, लग्नं लागली, मोठे साहेब वारले, ती त्यांच्या खुर्चीवर बसली. अंमल काही उतरला नाही. काम मात्र आधीपेक्षा चांगलं व्हायला लागलं. हात थरथरत नाही, त्याला सगळेच मोठी गोष्ट समजतात.

घरी हे फक्त सासूबाईंना कळलंय, असं तिला वाटायचं. साथीनंतर ती घरी परतली त्या आठवड्यात, एका दुपारी ती स्वयंपाकघरात कप विसळत होती. पुन्हा पुन्हा तोच कप. सासूबाईंनी नळ बंद केला.

"त्या फोनवर आईला खोटं सांगितलंस तू."

"हो."

"चांगलं केलंस की वाईट, ते मी विचारत नाहीये. तुझी आई, तुझा प्रश्न. पण मला असं फसवायचं नाही. माझी वेळ आली की तुमच्या त्या शब्दात सांगायचं. तीनदा. मी एकदा परत म्हणेन आणि फोन खाली ठेवीन."

"बरं."

"बरं काय? परत म्हण."

"तुमची वेळ आली की तालमीबाहेर म्हणायचं. तीनदा."

"ठीक," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्या हातातला कप काढून घेऊन फळीवर उपडा ठेवला.

साथवालीच्या निवृत्तीच्या वर्षी शेवटची तालीम ठरली. सासूबाई तोवर पार थकल्या होत्या. काठी आली होती, चेहरा लहान झाला होता. नवरा म्हणाला, "या वयात गादीवर नको आता." सासूबाई म्हणाल्या, "या वयात गादीवर नको तर कुठे?" आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

हॉल तोच होता, गाद्या नव्या. रोग अर्थात जाऊबाई ताप, सगळ्यांनी मुद्दाम हट्टानं तोच घेतला होता. सासूबाईंच्या गळ्यातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ताप, अंगदुखी, घाबरलेली. साथवाली मळक्या बाजूला येत नव्हती. ती प्लॅस्टिकच्या खिडकीतून बघत फिरायची आणि हातातल्या पाटीवर खुणा करायची.

दुपारच्या सुमाराला तिला दिसलं, की सासूबाई कुशीवर वळल्यात. गुडघे पोटाशी घेतलेत, मूठ पोटात रुतवलीय, ओठ पांढरे झालेत. त्या बोलत नव्हत्या. वात नाही, जाऊबाईंना निरोप नाही. एक तरुण डॉक्टर त्यांच्यावर वाकून काहीतरी विचारत होता आणि त्या मान हलवत होत्या. साथवालीच्या मनात आलं, आज आई वेगळ्याच रंगात आहेत. यंदा सगळं आत ठेवून करतायत. हे जास्त चांगलं दिसतं. आणि ती पुढच्या खिडकीकडे गेली.

संध्याकाळी सगळे गोलात बसले तेव्हा त्या तरुण डॉक्टरानं आपलं टिपण वाचलं. "पाच नंबरच्या गादीवरच्या रुग्णानं चिठ्ठीत नसलेली पोटदुखी स्वतःच्या मनानं वाढवली. अभिनय उत्तम." सगळे हसले. टाळ्या पडल्या. सासूबाई खुर्चीत बसल्या बसल्या किंचित वाकल्या, नटीसारख्या.

घरी येताना गाडीत त्या डोळे मिटून बसल्या. पायऱ्या चढताना मधेच थांबल्या, कठड्याला धरून म्हणाल्या, "ते पोटाचं. ते चिठ्ठीतलं नव्हतं गं."

साथवाली दोन पायऱ्या वर होती. ती वळली. चिठ्ठी तिनंच लिहिली होती.

"मग शब्द का नाही म्हणालात?"

"आठवला होता. पण तुझी शेवटची तालीम. सगळी माणसं धावत आली असती आणि सगळा विचका झाला असता." सासूबाईंनी श्वास घेतला. "आणि दुखणं काही आजचं नाही. बरेच दिवस येतंजातं."

पुढचं सगळं इस्पितळाच्या चालीनं झालं. तपासण्या, प्रतीक्षा, पुन्हा तपासण्या. शेवटी पोटाच्या मोठ्या डॉक्टरांनी नवरा-बायकोला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. यकृतात उतरलेला. या वयात कापाकापीला अर्थ नाही, घरी न्या, दुखू देऊ नका. त्या दिवशी दुपारीच कळलं असतं तरी फार फरक पडला नसता, असंही ते म्हणाले, कोणी न विचारता. बहुधा त्यांनी तालमीची गोष्ट ऐकली होती. साथवालीनं औषधांची मात्रा विचारली. नवरा भिंतीवरच्या बाणाकडे बघत राहिला. बाण क्ष-किरण विभागाकडे जात होता.

"तिला काही कळता कामा नये," तो जिन्यात म्हणाला.

"मी त्यांना शब्द दिलाय."

"कसला शब्द?"

तिनं सांगितला. तो थांबला. त्याला हसू आल्यासारखं झालं, मग ते मधेच विझलं.

"ती गंमत होती. तुमच्या दोघींची कायमचीच ती सोंगं. तू तिला आजच्या आज सांगितलंस तर ती उद्या अंथरूण सोडणार नाही. काही सांगायचं नाही. अल्सर आहे म्हणायचं."

अल्सर आहे म्हणून सांगितलं गेलं. सासूबाई म्हणाल्या, "अल्सर." पुढे "ठीक" म्हणाल्या नाहीत. ते साथवालीच्या ध्यानात आलं, नवऱ्याच्या नाही.

तिनं घर लावलं. पलंग खिडकीशी आणला, औषधांचा ट्रे उजवीकडे, टोपली डावीकडे, चादरींच्या घड्या वापरायच्या क्रमानं. हे करायला तिला विचार करावा लागला नाही. सकाळी उठल्यावर ती हातमोजे चढवायची, ते बहुतेक दुपारपर्यंत हातातच असायचे. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "अल्सर लागत नाही कोणाला. ते दुसरंही लागत नाही. हे घर आहे, तुझा तालमीचा हॉल नाही." तिनं हातमोजे काढले आणि थोड्या वेळानं सवयीनं दुसरे घातले.

सासूबाई बारीक होत चालल्या. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडला. सूप दोन चमचे जायचं. दुपारी जरा हुशारी आली की त्या सुनेकडे बघत राहायच्या, आणि मग आडून विचारायच्या.

"काय गं, ही कसली तालीम चाललीय?"

"अजून एक रिपोर्ट यायचाय, आई."

"रिपोर्ट यायचाय." आणि डोळे मिटून घ्यायच्या.

दर वेळी साथवालीला वाटायचं, आता म्हणावं. शब्द जिभेवर होता. आयुष्यात तिनं तो कितीदा तरी दुसऱ्यांना शिकवला होता, फळ्यावर लिहून, कवायत करून घेऊन. पण तो उच्चारायचा म्हणजे त्यामागून काहीतरी यायला हवं, गळा दाटायला हवा, डोळे भरायला हवेत, असं तिला वाटायचं. नुसता कोरडा शब्द माणसाच्या अंगावर कसा टाकायचा? आणि आत चाचपून बघितलं तर तिथे काहीच नव्हतं. तिला त्यांची दया येत नव्हती, राग येत नव्हता, दुःखही होत नव्हतं. पुढची गोळी कधी द्यायची ते मात्र पक्कं ठाऊक होतं.

एका सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना तिनं नवऱ्याला सांगितलं, "त्या विचारतायत. रोज. उशीर झाला तर त्यांना काही बोलायचं असेल ते राहून जाईल."

"तू सांग मग," तो एकदम म्हणाला. हळू आवाजात, कारण खिडकी उघडी होती. "तुला जमेल. तुला काही वाटतच नाही. तू स्वतःच्या आईचा आकडा वाचलास, माझ्या आईचाही वाचशील."

तो बोलून गेला आणि हातातल्या चिमट्यांकडे बघत बसला. इतक्या वर्षांत त्यानं ते कधी काढलं नव्हतं.

"वाटत नाही, हे खरं," साथवाली म्हणाली. तिनं चादरीचं टोक झटकलं. "पण म्हणून जमतं, असं नाही रे. मला तेही जमत नाहीये."

त्यानं दुसरं टोक धरलं. दोघांनी चादर ताणून दोरीवर टाकली. मग तो म्हणाला, "मला ते तिच्या तोंडून ऐकवणार नाही. 'ठीक' म्हणते ना, ते." आणि आत गेला. तो नको म्हणाला नव्हता.

त्याच दुपारी ती पलंगाशी बसून सासूबाईंचे ओठ ओल्या कापसानं टिपत होती. ऊन पायथ्याशी आलं होतं. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं, उगाच, लहान मुलं वाजवतात तशी. सासूबाईंनी डोळे उघडले. घंटी ऐकली. मग मूठ वळून कानाशी नेली.

"हॅलो. एक्स्चेंज," त्या म्हणाल्या. आवाज पार गेला होता, पण ढब तीच. "कोण हवंय आपल्याला?"

साथवालीनं कापूस वाटीत ठेवला.

"मी साथवाली बोलतेय," ती म्हणाली. "मला घरी बोलायचंय."

"घरी बोलायचंय. लाइन मोकळी आहे. बोला."

त्यांची मूठ कानाशीच होती. फार वेळ काही त्या ती तशी धरू शकणार नव्हत्या. साथवालीनं गळा दाटायची वाट बघितली नाही. हॉलमध्ये मागच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून जो लावायची, तोच सपाट आवाज तिनं लावला.

"तालमीबाहेर," ती म्हणाली.

सासूबाईंचे पिवळे डोळे तिच्या चेहऱ्यावर होते.

"तालमीबाहेर."

आत स्वयंपाकघरात कपबशी वाजली आणि थांबली.

"तालमीबाहेर."

तीनदा झालं. खालची घंटी केव्हाच बंद झाली होती. सासूबाईंनी श्वास ओढला, तो खूप खोलातून आला.

"तालमीबाहेर," त्या म्हणाल्या. जरा थांबल्या. "ठीक."

मूठ कानापासून सुटली आणि चादरीवर पडली. त्यांच्या कपाळावरची आठी, जी त्या हॉलमधल्या दिवसापासून तिथे होती, थोडी सैल झाली. "बाई गं," त्या म्हणाल्या, "किती लावलास वेळ. मला वाटलं, लाइन तुटली."

"अल्सर सांगितला ना, त्यामुळे."

"अल्सर! माझा मुलगा भूगोलाचा आहे, त्याला पोटातलं काय कळतंय?" हसण्यानं त्यांना दुखलं. दुखणं ओसरेपर्यंत दोघी थांबल्या. "दिवस आहेत का थोडे?"

"थोडे आहेत."

"मग थोरल्या जावेला फोन लावून दे उद्या. खरेच शेवटचे शब्द आहेत म्हणावं, या वेळी ऐकून घे." त्यांची नजर खाली सुनेच्या हातांकडे गेली. "ते काढ आधी."

साथवालीनं हातांकडे पाहिलं. निळसर हातमोजे. सकाळपासूनचे.

"थांब. असं नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि शब्दाशब्दाला थांबत, पण एकही पायरी न गाळता त्यांनी सुरू केलं. "डावा आधी. बाहेरून धर. उलटा कर... आतलं बाहेर. सावकाश. मुठीत ठेव तो. आता मोकळं बोट... उजव्याच्या आत. बाहेर हात लावायचा नाही. ओढ."

साथवालीनं स्वतःचं डोकं चालवलं नाही, फक्त ऐकलं. उजवा हातमोजा डाव्यावरून उलटा झाला आणि दोन्हींची मिळून एक लहानशी गाठोडी झाली. ती तिनं टोपलीत टाकली. हात उघडे पडले. पावडर लागून पांढरे झालेले, बोटांची टोकं सुरकुतलेली.

"आता हात धुवायचे," ती आपण होऊन म्हणाली. शेवटची पायरी तीच असते.

"राहू देत," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आपला हात चादरीवरून थोडा पुढे सरकवला.

साथवालीनं तो धरला. हात गरम होता, अंगात बारीक ताप असावा. तिला तो ताप कळला. आणखी काही कळतंय का, म्हणून ती थोडा वेळ तशीच बसून राहिली.

नवरा दोन कप घेऊन दारात येऊन उभा होता. त्यानं एक कप औषधांच्या ट्रेवर ठेवला, गोळ्यांच्या मधोमध, जिथे ती एरवी कोणाला काही ठेवू द्यायची नाही. तिनं तो तिथेच राहू दिला. मग तो पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला आणि म्हणाला, "आई."

"ऐकतेय," सासूबाई म्हणाल्या. "बोल."